१२७ उष्मांकांचा कार्प: तक्त्यातल्या एका नोंदीची तपासणी

आहाराचा हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही माशासमोर एकच आकडा लिहायचा असतो. तो आकडा तक्त्यातून येतो, आणि तक्त्यात छापलेल्या आकड्यावर सहसा कुणी शंका घेत नाही. इथे तपासायला घेतलेली नोंद अगदी साधी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक-तक्त्यात कॉमन कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाची ओळ अशी आहे: कच्चा मासा, खाण्याजोगा भाग १०० ग्रॅम, पाणी ७६.३१ ग्रॅम, प्रथिने १७.८३ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५.६० ग्रॅम, राख १.४६ ग्रॅम, कर्बोदके शून्य; ऊर्जा १२७ उष्मांक. उष्मांक म्हणजे इथे किलोकॅलरी. राख म्हणजे नमुना भट्टीत पूर्ण जाळल्यावर मागे उरणारी खनिजे.

आता परिस्थिती अशी समजा. एका व्यक्तीला डॉक्टरांनी प्रथिने मोजून खायला सांगितली आहेत आणि वजनही घटू द्यायचे नाही. तिच्या ताटात कार्पचे २०० ग्रॅम काटे काढलेले मांस आहे. नोंद ठेवणाऱ्याने किती उष्मांक आणि किती प्रथिने लिहायची? वरची ओळ दुप्पट केली की २५४ उष्मांक आणि सुमारे ३५.७ ग्रॅम प्रथिने, झाले काम. पण ही ओळ नीट वाचली तर तिच्यात तीन ठिकाणी थांबावे लागते. पहिले ठिकाण लगेच डोळ्यांत भरते आणि त्याने फारसे बिघडत नाही. उरलेली दोन दिसत नाहीत, आणि खरा घोळ तिथेच होतो.

बेरीज शंभराच्या वर

७६.३१, १७.८३, ५.६० आणि १.४६ यांची बेरीज १०१.२० येते. शंभर ग्रॅम माशात १०१.२ ग्रॅम पदार्थ मावणार नाहीत हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मग चूक कुठे झाली?

इथे चुकीपेक्षा पद्धत जास्त जबाबदार आहे. पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि राख हे चारही घटक वेगवेगळ्या चाचण्यांनी मोजले जातात, आणि तक्त्यातले आकडे बहुधा अनेक नमुन्यांची सरासरी असतात. पाण्याचा आकडा काढताना जे मासे वापरले, तेच मासे स्निग्ध पदार्थांच्या सरासरीत असतील असे नाही. प्रत्येक चाचणीची थोडी ओढाताण असते आणि ती एकाच दिशेने गेली की बेरीज शंभर ओलांडते. कर्बोदके बऱ्याच अन्नांत ‘शंभरातून बाकी सगळे वजा’ अशीच काढली जातात. इथे ती वजाबाकी उणे १.२ येते, म्हणून शून्य लिहिणे हाच शहाणपणा. तसेही माशाच्या स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कर्बोदक, साधारणपणे अर्ध्या टक्क्याहून कमी असते, आणि पकडताना मासा जी धडपड करतो तिच्यात त्यातला बराचसा भाग लॅक्टिक आम्लात बदलून जातो.

यात सर्वांत संशयित आकडा प्रथिनांचा आहे. कारण प्रथिने थेट मोजली जातच नाहीत. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची जी रीत बसवली, तिच्यावर हे सगळे उभे आहे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचे, आणि उत्तराला प्रथिने म्हणायचे. पण माशाच्या मांसातला सगळा नायट्रोजन प्रथिनांत नसतो. मुक्त अमिनो आम्ले, क्रिएटिन, न्यूक्लिओटाइड अशा छोट्या रेणूंतही तो असतो. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत अशा प्रथिनबाह्य नायट्रोजनाचा वाटा एकूण नायट्रोजनाच्या ९ ते १८ टक्के सापडतो. कार्पच्या स्नायूत मुक्त हिस्टिडीन भरपूर असते. उलट, समुद्री माशांत आढळणारे ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांत नसते किंवा नगण्य असते. समुद्री मासा शिळा होताना येणारा तो ओळखीचा उग्र वास याच संयुगाच्या विघटनातून येतो, म्हणून नदी-तळ्यातल्या माशाचा ताजेपणा त्या एका वासावरून ठरवता येत नाही.

१७.८३ मधून ९ ते १८ टक्के वगळले तर शुद्ध अर्थाने प्रथिने १४.६ ते १६.२ ग्रॅम उरतात. याचा अर्थ तक्ता फसवतो असा घेऊ नये. मुक्त अमिनो आम्ले शरीर वापरतेच, आणि डॉक्टर जेव्हा ‘इतकी ग्रॅम प्रथिने’ म्हणतात तेव्हा त्यांचाही हिशेब याच ६.२५ च्या मापाने चाललेला असतो. दोन्हीकडे माप एकच आहे तोवर काम चालते. आणि ऊर्जेचे काय? बेरजेतला जास्तीचा १.२ ग्रॅम सगळाच्या सगळा प्रथिनांचा धरला तरी शंभर ग्रॅममागे जेमतेम ५ उष्मांक कमी होतील. बेरीज शंभराच्या वर गेलेली पाहून माणूस दचकतो, पण ताटातल्या हिशेबात तिने होणारा फरक एवढाच.

१२७ हा आकडा कुणी मोजला?

कुणीच नाही. तो गुणाकारातून आलेला आहे. एक ग्रॅम प्रथिनांना ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांना ९ उष्मांक, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. तो अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आला. त्या हिशेबाने हा कार्प १७.८३ × ४ आणि ५.६० × ९, म्हणजे ७१.३ आणि ५०.४, एकूण १२२ उष्मांकांचा होतो. तक्ता मात्र १२७ म्हणतो. कारण कृषी खाते मांस-माशांसाठी वेगळे गुणक वापरते: प्रथिनांना ४.२७ आणि स्निग्ध पदार्थांना ९.०२. करून पाहा: ७६.१ अधिक ५०.५, म्हणजे १२६.६.

हे ४.२७ कुठून येते ते पाहण्यासारखे आहे, कारण ‘ऊर्जा’ या शब्दाखाली किती गोष्टी दडलेल्या असतात ते तिथे कळते. मांस-माशाचे एक ग्रॅम प्रथिन उष्णतामापकात पूर्ण जाळले तर ५.६५ उष्मांक निघतात. माणसाचे शरीर मात्र ते पूर्ण जाळत नाही. नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकून देते आणि त्याबरोबर ग्रॅममागे सुमारे १.२५ उष्मांक जातात. उरले ४.४०. त्यातले ९७ टक्के पचते असे धरले की ४.२७. स्निग्ध पदार्थांचे ९.५० आणि पचन ९५ टक्के, म्हणून ९.०२.

यातून एकाच माशाचे तीन आकडे तयार होतात. साध्या गुणकांनी १२२, खास गुणकांनी १२७, आणि तोच मासा उष्णतामापकात जाळला तर १७.८३ × ५.६५ अधिक ५.६० × ९.५०, म्हणजे जवळपास १५४. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. जलजीवशास्त्राच्या लेखनात माशाची ऊर्जा बहुतेकदा या तिसऱ्या अर्थाने, आणि अनेकदा डोके-आतड्यांसकट अख्ख्या माशाची, किलोज्यूलमध्ये दिलेली असते. बगळ्याला किंवा पाणमांजराला एका माशातून काय मिळते हा तिथला प्रश्न असतो. तो आकडा ४.१८४ ने भागून, म्हणजे किलोज्यूलचे उष्मांक करून, थेट माणसाच्या ताटात आणला, तर आपल्या कार्पला पाचव्या हिश्शाहून अधिक ऊर्जा फुकट चिकटते. माशांना काय खाऊ घालावे याचा अभ्यास करणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा, कारण मासा स्वतः नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे टाकतो, युरियाच्या नाही. ऊर्जेचा कोणताही आकडा उचलण्याआधी ती कुणाच्या शरीरासाठी मोजलेली आहे, एवढे विचारलेच पाहिजे.

१२२ की १२७ हा वाद मात्र मी ताणणार नाही. दोन्हीत चार टक्क्यांचा फरक आहे. खरा फरक पुढे आहे.

दुसरा कार्प

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९५ च्या ताज्या माशाच्या गुणवत्तेवरील तांत्रिक अहवालात याच जातीचा मासा भेटतो. तिथे त्याचे घटक आहेत: पाणी ८१.६, स्निग्ध पदार्थ २.१, प्रथिने १६.०. त्याच ४.२७ आणि ९.०२ ने गुणले तर ६८.३ अधिक १८.९, म्हणजे ८७ उष्मांक.

जात तीच, गुणक तेच. एक कार्प १२७ चा आणि दुसरा ८७ चा. दोघांतल्या सुमारे ३९ उष्मांकांच्या फरकापैकी प्रथिनांमुळे आठही नाहीत. बाकीचे जवळजवळ ३२ हे साडेतीन ग्रॅम स्निग्ध पदार्थांचे आहेत. गोड्या पाण्यातल्या माशांच्या ऊर्जेचे सगळे गणित या एका तुलनेत दिसते. प्रथिने फारशी हलत नाहीत. स्निग्ध पदार्थ हलतात, आणि ते जेवढे वाढतात साधारण तेवढेच पाणी कमी होते. पहिल्या कार्पमध्ये पाणी आणि स्निग्ध पदार्थ मिळून ८१.९, दुसऱ्यात ८३.७. बाहेरून बघताना दोन्ही मासे सारखेच; आत एकाच्या पेशींत पाणी आहे तिथे दुसऱ्याच्या पेशींत चरबी आहे.

वेगवेगळ्या जाती शेजारी ठेवल्या तरी हेच दिसते. त्याच अमेरिकी तक्त्यात पाइक हा शिकारी मासा १९.२६ ग्रॅम प्रथिने आणि फक्त ०.६९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ घेऊन ८८ उष्मांकांवर आहे, तर ईल १८.४४ ग्रॅम प्रथिने आणि ११.६६ ग्रॅम स्निग्ध पदार्थांसह १८४ वर. प्रथिनांत एक ग्रॅमचाही फरक नाही आणि ऊर्जा दुप्पट. संघटनेच्या अहवालात ईलच्या मांसातले स्निग्ध पदार्थ ८ पासून ३१ टक्क्यांपर्यंत आणि ट्राउटचे १.२ पासून १०.८ टक्क्यांपर्यंत दिले आहेत. इतक्या पसरलेल्या जातीला ‘ट्राउट: इतके उष्मांक’ असा एकच आकडा चिकटवणे मला धाडसाचे वाटते.

कार्प असा का बदलतो, याची कारणे त्याच्या जगण्यात आहेत. तो काय खातो हे पहिले कारण. तळाशी किडे-अळ्या शोधत फिरणारा कार्प आणि धान्याचा पूरक आहार मिळणारा तलावातला कार्प यांच्या चरबीत मोठा फरक पडतो, कारण जास्तीचा स्टार्च कार्प चरबी करून साठवतो. दुसरे कारण ऋतू. थंड पाण्यात त्याचे खाणे मंदावते किंवा थांबते आणि तो साठ्यावर जगतो. अंडी तयार होताना शरीरातला साठा बीजकोशाकडे वळतो आणि अंडी घातल्यानंतरचा मासा खंगलेला असतो. अशा वेळी स्निग्ध पदार्थ आधी खर्च होतात; प्रथिनांना हात लागतो तो साठा संपत आल्यावर. उपासमार लांबली की स्नायूतले पाणी वाढते आणि मांस मऊ, पाणचट लागते. आणि तिसरी गोष्ट माशाच्या आतली: पोटाकडचा भाग पाठीपेक्षा चरबीदार असतो. त्यामुळे एकाच माशाच्या दोन तुकड्यांनाही एक आकडा लागू पडत नाही.

प्रयोगशाळेची रीतही यात भर घालते. १८७९ च्या सॉक्सलेट उपकरणात ईथरने चरबी काढली तर साठ्याची चरबी नीट निघते, पण पेशींच्या पडद्यांतली फॉस्फोलिपिडे पूर्ण निघत नाहीत. १९५९ मध्ये ब्लाय आणि डायर यांनी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलची रीत काढली, तीही कॉड या माशावर काम करतानाच. तिने दोन्ही निघतात. चरबीदार ईलमध्ये हा फरक नगण्य. पाइकसारख्या माशात, जिथे मुळात स्निग्ध पदार्थच एक टक्क्याच्या आत आणि त्यातला मोठा वाटा फॉस्फोलिपिडांचा, तिथे रीत बदलली की स्निग्ध पदार्थांचा आकडाच बदलतो. ऊर्जेवर मात्र त्याचा परिणाम दोन-चार उष्मांकांपलीकडे जात नाही.

शिजवलेल्या माशाची ओळ

आता ताटाकडे परत येऊ. ताटातले २०० ग्रॅम शिजवलेले आहेत आणि आपण ओळ वापरली कच्च्याची. तक्त्यात शिजवलेल्या कार्पचीही ओळ आहे, पाणी किंवा तेल न घालता शिजवलेल्या माशाची: पाणी ६९.६३, प्रथिने २२.८६, स्निग्ध पदार्थ ७.१७, राख १.८६, ऊर्जा १६२. शिजवल्याने प्रथिने वाढली असे वाटावे, अशी ही ओळ.

कच्च्याचे आकडे ०.७८ ने भागून पाहा. १७.८३ चे होतात २२.८६. ५.६० चे ७.१८. १.४६ चे १.८७. दुसऱ्या दशांशस्थळी एखादा फरक सोडला तर शिजवलेल्याचीच ओळ समोर येते. पाण्याचे गणित तर नेमके जुळते: ७६.३१ मधून २२ ग्रॅम गेले, उरले ५४.३१, ते ७८ ग्रॅममध्ये, म्हणजे ६९.६३ टक्के. सगळे घटक एकाच प्रमाणात वाढलेले आणि घटलेले फक्त पाणी, हे भट्टीतून काढलेल्या माशावर स्वतंत्र चाचण्या केल्या तर इतके काटेकोर जुळून येत नाही. ही ओळ कच्च्यावरून गणिताने काढलेली आहे, १०० ग्रॅमचे ७८ ग्रॅम होतात आणि जाते ते केवळ पाणी, असे गृहीत धरून. कच्च्या ओळीतली शंभरावरची बेरीजही त्यामुळे इथे आणखी फुगून १०१.५२ झाली आहे.

ही रीत वाईट नाही, फक्त ती माहीत असायला हवी. खऱ्या स्वयंपाकात आच किती, वेळ किती, तुकडा किती जाड यावर पाणी कमी-जास्त उडते. चरबीदार मासा भाजताना चरबी गळते. रस्सा केला तर विरघळणारी खनिजे आणि मुक्त अमिनो आम्ले रश्शात उतरतात. रस्सा प्यायला तर ती पोटात, नाहीतर वाया. तळला तर पाण्याच्या जागी तेल शिरते, आणि कमी चरबीच्या माशात ते तेल माशाच्या स्वतःच्या चरबीहून सहज जास्त भरते. तिथे १६२ चा काहीच उपयोग नाही.

पण ताटातली मोठी चूक याहून साधी आहे. शिजवल्यानंतर तोललेले २०० ग्रॅम कच्च्याच्या ओळीने मोजले तर २५४ उष्मांक आणि ३५.७ ग्रॅम प्रथिने लिहिली जातात. शिजवलेल्याच्या ओळीने ३२४ आणि ४५.७. एका जेवणात १० ग्रॅम प्रथिनांचा फरक, आणि तोही ज्या व्यक्तीसाठी प्रथिनांचा प्रत्येक ग्रॅम मोजायचा आहे तिच्या बाबतीत. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या वहीत रोज अशी नोंद होत असेल तर ती वही बंद ठेवलेली बरी, इतके मला हे गंभीर वाटते. बेरीज शंभराच्या वर गेली म्हणून तक्त्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतील. मासा कधी तोलला, शिजवण्याआधी की नंतर, हे मात्र वहीत क्वचितच लिहिलेले असते.

ऊर्जेच्या आकड्यात न बसणाऱ्या दोन-तीन गोष्टी

स्निग्ध पदार्थ कोणते, हे ९.०२ ला कळत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत ओमेगा-६ आम्लांचे प्रमाण समुद्री माशांपेक्षा सहसा जास्त असते, आणि धान्यावर वाढवलेल्या माशात ते आणखी वाढते. आपले दोन कार्प केवळ उष्मांकांतच नाही, चरबीच्या जातीतही वेगळे असू शकतात.

खनिजांच्या बाबतीत ‘खाण्याजोगा भाग’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. तक्त्यातल्या कार्पमध्ये कॅल्शियम ४१ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस ४१५ मिलिग्रॅम आहे, कारण काटे बाजूला काढलेले आहेत. जे लहान मासे काट्यांसकट चावून खाल्ले जातात त्यांचे कॅल्शियम याच्या कित्येक पट असते. आणि ज्याला फॉस्फरस जपायचा आहे त्याने ४१५ हा आकडा प्रथिनांइतक्याच काळजीने पाहावा.

एक गोष्ट कच्च्या कार्पबद्दल. त्यात थायमिनेज हे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व तोडते. उष्णतेने ते निकामी होते, त्यामुळे नीट शिजवलेल्या माशात हा प्रश्न राहत नाही.

मग वहीत काय लिहायचे

शक्य असेल तर काटे काढून मासा कच्चाच तोलावा. ते जमले नाही आणि तुकडा तेलाशिवाय शिजवलेला असेल तर शिजवलेले वजन ०.७८ ने भागावे. आपल्या २०० ग्रॅमचे कच्चे वजन सुमारे २५६ ग्रॅम येते.

प्रथिनांसाठी एक आकडा लिहायला हरकत नाही. शंभर ग्रॅम कच्च्या मांसामागे १६ ते १८, म्हणजे या ताटात ४१ ते ४६ ग्रॅम. ज्याला प्रथिनांची वरची मर्यादा पाळायची आहे त्याच्यासाठी वरचा आकडा धरावा, ज्याला ठरावीक प्रथिने मिळालीच पाहिजेत त्याच्यासाठी खालचा.

ऊर्जेसाठी एकच आकडा लिहू नये. पातळ, पाणचट कार्प असेल तर २५६ ग्रॅमचे २२३ उष्मांक, चरबीदार असेल तर ३२४. या व्यक्तीचे वजन घटू द्यायचे नाही, म्हणून २२३ धरून बाकीची ऊर्जा इतर अन्नातून भरावी. मासा चरबीदार निघाला तर नुकसान काहीच नाही.

आणि मासे एकाच तलावातून नियमित येत असतील तर हा पसारा कमी करण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. पाठीचा आणि पोटाचा भाग मिसळून बारीक केलेला नमुना १०५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पाण्याचा अंश काढावा. त्याला रसायने लागत नाहीत, काटेकोर तराजू आणि भट्टी पुरते. पाणी ८१-८२ टक्के आले तर मासा ८७ उष्मांकांच्या बाजूचा, ७६ च्या आसपास आले तर १२७ च्या बाजूचा. मधले काही आले तर पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे सुमारे साडेसात उष्मांक धरावेत. ही चाचणी अंडी घालण्याच्या हंगामाआधी आणि नंतर पुन्हा करावी, आणि वहीत आकड्याशेजारी महिना, माशाचा भाग आणि तोलताना तो कच्चा होता की शिजवलेला, हे तिन्ही लिहावे.